छिद्र न पाडता ओव्हरफ्लो : एका काचेच्या टाकीचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील टाकी काचेची, गोड्या पाण्याची आणि आधीपासून चालू असलेली होती. तिची आतील मापे लांबी १२० सें.मी., रुंदी ४५ सें.मी. आणि उंची ५० सें.मी. अशी होती, तळाशी वाळूचा थर, त्यात मूळ धरलेल्या पाणवनस्पती आणि त्यांच्यात रुळलेले मासे होते. टाकीखालच्या कपाटात ७५ × ३५ × ४० सें.मी. मापाचा सम्प, म्हणजे खालची जोडटाकी, ठेवून गाळणीची सगळी व्यवस्था तिथे हलवावी, या हेतूने मालकांनी पीव्हीसी पाइप आणि एल्बो (काटकोनी जोड) जोडून स्वतः ओव्हरफ्लो, म्हणजे टाकीतले वरचे पाणी सम्पमध्ये उतरवणारी वाट, तयार केला होता. सुरुवातीला तो नीट चालला. पुढे एका रात्री त्याचा सायफन, म्हणजे काठावरून चढून पलीकडे उतरणारा पाण्याचा अखंड प्रवाह, तुटला, सम्पमधला पंप मात्र पाणी वर चढवतच राहिला आणि सकाळी टाकी काठोकाठ भरलेली, जमीन ओली आणि पंप कोरडा घरघरत असलेला आढळला. मासे सुरक्षित होते. ओव्हरफ्लो पुन्हा बांधायचा की सम्पची कल्पनाच सोडून द्यायची, असा प्रश्न घेऊन मालक माझ्याकडे आले, तेव्हा आम्ही प्रथम सांडलेल्या पाण्याचा हिशेब मांडला, कारण माझ्या मते अशा प्रकरणात पाइपाकडे पाहण्याआधी पाण्याच्या घनफळाकडे पाहायला हवे.

टाकीचे क्षेत्रफळ ५,४०० चौ. सें.मी. असल्याने तिच्यात पाण्याची पातळी १ सें.मी. चढली की ५.४ लिटर पाणी वाढते. सम्पमध्ये तोच १ सें.मी. म्हणजे सुमारे २.६ लिटर. त्या वेळी सम्पमध्ये कप्पे पाडणारी एकही आडवी काच नव्हती, २२ सें.मी. उंचीपर्यंत एकसलग पाणी होते आणि पंप साधारण ५ सें.मी. पाणी उरेपर्यंत ओढत असे. म्हणजे सायफन तुटल्यावर पंपाने १७ सें.मी. उंचीचे, जवळपास ४४ लिटर पाणी वर ढकलले. टाकीत पाणी ४५ सें.मी.वर असे, त्यामुळे वर मोकळी जागा ५ सें.मी., म्हणजे २७ लिटरांचीच होती. उरलेले सुमारे १७ लिटर जमिनीवर गेले. सायफन टिकला असता तर हे घडले नसते, हे खरे. पण सायफन कधी ना कधी तुटणारच असे धरून सम्प आखला असता, तर सायफन तुटूनही एक थेंब बाहेर आला नसता. पुढची सगळी पुनर्रचना आम्ही याच भूमिकेतून केली.

छिद्राचा पर्याय आणि तो का घेतला नाही

काचेला छिद्र पाडून टँक कनेक्टर (छिद्रात पाइप धरणारा जोड) बसवणे हा ओव्हरफ्लोचा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे, आणि टाकी रिकामी असेल तर मी दुसरा मार्ग सुचवत नाही. छिद्रातून पाणी केवळ उताराने वाहते; काठावरून चढून पलीकडे जाण्यासाठी सायफन धरून ठेवावा लागत नाही, त्यामुळे तुटण्यासारखे काही उरत नाही. कचरा अडकण्याचा धोका तिथेही असतो आणि म्हणूनच छिद्रांच्या रचनांमध्ये व्हॉल्व्हने आवरलेला पूर्ण भरून वाहणारा एक पाइप आणि एरवी कोरडा राहणारा दुसरा आपत्कालीन पाइप अशी जोडी ठेवण्याची पद्धत रूढ झाली आहे.

अट एकच, की काच टफन (उष्णतेने कडक) केलेली नसावी. टफन काचेच्या पृष्ठभागात दाब आणि गाभ्यात ताण कोंडलेला असतो. ड्रिलने तो समतोल मोडला की संपूर्ण काच क्षणात बारीक तुकड्यांत फुटते. ही काच ओळखण्याची एक घरगुती परीक्षा आहे. टाकीमागे एलसीडी पडदा पांढऱ्या प्रकाशावर लावून ठेवायचा आणि समोरून ध्रुवीकरण करणाऱ्या गॉगलमधून, तो हळूहळू फिरवत, काचेकडे पाहायचे. साधी काच एकसारखी दिसते, तर टफन काचेत काळसर डाग किंवा ढगाळ पट्टे उमटतात. या टाकीच्या मागच्या काचेत असे काही दिसले नाही. तळाची काच वाळूखाली असल्याने तिची परीक्षा शक्य नव्हती आणि तिला हात लावण्याचा विचारही नव्हता.

म्हणजे मागच्या काचेला छिद्र पाडता आले असते. मात्र त्यासाठी पाणी बरेच खाली उतरवावे लागले असते, हिऱ्याच्या कणांचे कटर सावकाश फिरवत आणि सतत पाणी सोडत चालवावे लागले असते, आणि काच तडकलीच तर सगळ्या माशांची सोय त्याच दिवशी दुसरीकडे करावी लागली असती. मालकांकडे तेवढी दुसरी टाकी नव्हती. चालू टाकीवर हा धोका पत्करू नये, असे माझेही मत पडले आणि सायफनचाच मार्ग, पण नव्या मापांनी, घ्यायचे ठरले.

पहिला ओव्हरफ्लो का बंद पडला

सायफनच्या ओव्हरफ्लोची रचना अशी असते. टाकीच्या आत वर उघडे तोंड असलेला एक उभा पाइप असतो आणि पृष्ठभागावरचे पाणी त्याच्या कडेवरून आत पडते. हा पाइप खाली वळून दुसऱ्या उभ्या पाइपला मिळतो, तो काठाच्या वर चढतो, माथ्यावरून पलीकडे जातो, बाहेरून खाली उतरतो, पुन्हा वळून थोडा वर येतो आणि वरून उघड्या असलेल्या टीमध्ये (टी आकाराच्या जोडात) संपतो. टीच्या आडव्या तोंडातून बाहेर पडलेले पाणी निचऱ्याच्या पाइपाने सम्पमध्ये उतरते. पंप बंद पडला की टाकीतले पाणी आतल्या पाइपाच्या कडेपर्यंत उतरून थांबते, आतले आणि बाहेरचे दोन्ही वळसे (पाइपांचे खालचे वळलेले भाग) टीच्या ओठाच्या, म्हणजे तिच्या आडव्या तोंडाच्या खालच्या कडेच्या, पातळीपर्यंत भरलेले राहतात, आणि पंप सुरू होताच प्रवाह आपोआप पुन्हा चालू होतो. वळसे भरलेले आहेत तोवर आणि माथ्यावर हवा साचलेली नाही तोवरच हे शक्य असते.

मालकांनी ४० मि.मी. आतील व्यासाचा पाइप वापरला होता. पाइप जितका मोठा तितका धोका कमी, हा त्यामागचा विचार निचऱ्याच्या साध्या पाइपाला लागू पडतो, सायफनला नाही. पंपाचा प्रत्यक्ष प्रवाह आम्ही बादलीने मोजला. टाकीच्या तोंडाशी धरलेली १० लिटरची बादली ३० सेकंदांत भरली, म्हणजे तासाला १,२०० लिटर. पंपाच्या खोक्यावरचा आकडा बराच मोठा होता, पण तो पाणी अजिबात वर न चढवता मिळणारा असतो आणि पाइपाचे माप त्यावरून ठरवण्यात अर्थ नसतो. १,२०० लिटर प्रवाहाला ४० मि.मी.च्या पाइपात वेग मिळतो सेकंदाला जेमतेम २६ सें.मी. काही मि.मी. आकाराचे बुडबुडे स्थिर पाण्यात साधारण २० ते ३० सें.मी. प्रतिसेकंद वेगाने वर चढतात. खाली उतरणारे पाणी आणि वर चढू पाहणारा बुडबुडा यांचा वेग इतका जवळजवळ असेल, तर हवा खाली ओढली जात नाही. ती माथ्यावर साचत राहते.

ही हवा येत कुठून होती, हे पाहण्यासाठी आम्ही जुन्या ओव्हरफ्लोच्या माथ्यावरच्या एल्बोला बारीक छिद्र पाडून हवेची पारदर्शक नळी बसवली आणि तिला ५० मि.लि.ची सिरिंज जोडली. सायफन नीट भरून, व्यवस्था काही तास चालवून मग सिरिंज ओढली, तर नळीत पाणी आलेच नाही. सिरिंज हवेने भरली, रिकामी करून पुन्हा ओढली, पुन्हा हवाच आली, आणि बऱ्याच वेळाने नळीत पाण्याची पहिली सळई चढली. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काहीही कळले नसते, कारण पाणी अजून वाहतच होते, फक्त माथ्यावरच्या कमी होत जाणाऱ्या जागेतून.

हवेचा मुख्य उगम आतल्या पाइपात सापडला. टीचा ओठ आतल्या कडेच्या १५ सें.मी. खाली बसवलेला होता, आणि ४० मि.मी.च्या पाइपात १,२०० लिटर वाहताना एल्बो, वळणे आणि घर्षण मिळून पातळीतला फरक मात्र सुमारे ३ सें.मी. एवढाच लागत होता. उरलेले १२ सें.मी. पाणी आतल्या पाइपात धबधब्यासारखे कोसळत होते आणि स्वतःबरोबर हवा कोंबत होते. म्हणजे एकीकडे हवा भरपूर आत येत होती आणि दुसरीकडे तिला वाहून नेण्याइतका वेग नव्हता.

व्यास आणि उतार यांचा मेळ

येथे दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध ओढतात आणि माझ्या दृष्टीने या प्रकरणातला सर्वांत विचार करण्यासारखा भाग हाच आहे. हवा वाहून जावी म्हणून पाइप बारीक हवा. पण पाइप बारीक केला की पातळीतला फरक वाढतो, टीचा ओठ खोल न्यावा लागतो आणि पंपाचा प्रवाह थोडा जरी कमी झाला तरी आतल्या पाइपात पाणी उंचावरून पडून पुन्हा हवा शिरते. २५ मि.मी. आतील व्यासात वेग ६८ सें.मी. प्रतिसेकंद मिळाला असता, म्हणजे हवेचा प्रश्नच उरला नसता. परंतु वळणांमध्ये खर्च होणारी उंची वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने पातळीतला फरक २० सें.मी.च्या आसपास गेला असता. पंपात शेवाळ बसून प्रवाह ९०० लिटरांवर आला, तर हाच फरक सुमारे ११ सें.मी.वर उतरतो आणि बाकीच्या उंचीवरून पाणी कोसळू लागते. शिवाय बारीक पाइपात एखादी गोगलगाय किंवा सुटलेले पान अडकायला वेळ लागत नाही.

म्हणून ३२ मि.मी. आतील व्यास निवडला. त्यात वेग ४१ सें.मी. प्रतिसेकंद येतो आणि सहा एल्बो, तोंडे आणि सुमारे १ मीटर लांबी धरून पातळीतला फरक ७ सें.मी.च्या जवळपास निघतो. टीचा ओठ आतल्या कडेच्या १० सें.मी. खाली ठेवला, टीतून बाहेर पडताना पाण्याला स्वतःचीही थोडी जाडी लागते, ती धरून आतल्या पाइपातले पाणी कडेच्या साधारण २ सें.मी. खाली उभे राहील असा अंदाज होता आणि प्रत्यक्षात तसेच झाले. एवढ्या कमी उंचीवरून पडणारे पाणी आवाज करत नाही आणि हवाही फारशी ओढत नाही. आतला वळसा कडेच्या २५ सें.मी. खाली नेला, म्हणजे पंप बंद असतानाही त्यात १५ सें.मी. पाणी उभे राहते.

आतल्या पाइपाचे तोंड मात्र मोठे, ५० मि.मी.चे ठेवले. कडेवरून वाहणाऱ्या पाण्याची जाडी कडेच्या लांबीवर ठरते आणि ५० मि.मी.च्या पाइपाचा घेर सुमारे १५.७ सें.मी. असतो. त्यात हॅक्सॉने उभ्या खाचा कापल्या, म्हणजे लहान मासे आत जाणार नाहीत. खाचांमुळे कडेची उपयोगी लांबी जवळपास निम्मी होते. त्या हिशेबाने खाचांच्या तळापासून पाण्याची जाडी १.७ सें.मी.च्या आसपास यायला हवी होती, म्हणून खाचा २.५ सें.मी. खोल घेतल्या. कापलेल्या कडा बारीक पॉलिश पेपरने घासल्या. हे काम किरकोळ वाटले तरी तिथे राहिलेले पीव्हीसीचे तंतू पुढे शेवाळाला पकड देतात.

जोड

सायफनच्या माथ्यावर पाण्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. त्यामुळे तिथला जोड कच्चा असला तर पाणी ठिबकत नाही, उलट हवा आत शिरते, आणि बाहेरून जोड अगदी कोरडा आणि चांगला दिसतो. माथ्याकडचे सगळे जोड म्हणूनच सॉल्व्हंट सिमेंटने चिकटवले. पाइपाचे टोक काटकोनात कापून, बर (कापताना उरलेली खरखर) काढून, दोन्ही बाजूंना सिमेंट लावून एल्बोत पाव वळसा देत बसवले आणि सिमेंट पूर्ण वाळू दिले. नंतर एक टोक बुचाने बंद करून संपूर्ण माथा बादलीतल्या पाण्यात बुडवला आणि दुसऱ्या टोकातून फुंकले. जुन्या माथ्याच्या एका जोडातून या परीक्षेत बारीक बुडबुड्यांची माळ निघाली होती. ते हवेचे दुसरे, लहान प्रवेशद्वार होते. नव्यातून काही निघाले नाही.

येथे सिलिकॉनचा मोह टाळावा. काचेला ते उत्तम धरते, पण पीव्हीसीला त्याची पकड कच्ची असते आणि काही महिन्यांनी कडेने सुटू लागते. टीच्या खालचा जोड मात्र मुद्दाम न चिकटवता नुसता घट्ट बसवला, म्हणजे ओठाची उंची पुढे बदलता येईल. टीच्या पुढचा निचऱ्याचा पाइप ४० मि.मी.चा घेतला, कारण त्याला फक्त पाणी खाली न्यायचे असते; त्याचे टोक तिरके कापून सम्पच्या पाण्यात २ ते ३ सें.मी. एवढेच बुडवले. ते अधिक खोल गेले तर पाण्याबरोबर उतरलेली हवा बाहेर पडू शकत नाही आणि पाइप थांबून थांबून उचक्या देऊ लागतो.

माथ्यावरची हवा काढण्याची सोय

वेग वाढला, पडण्याची उंची घटली, जोड पक्के झाले, तरी थोडी हवा माथ्यावर येतच राहणार हे गृहीत धरले होते. ती सतत काढून घेण्यासाठी माथ्यावरच्या एल्बोला बसवलेली बारीक नळी टाकीतल्या एका लहान पॉवरहेडच्या (पाण्यात बुडवून ठेवायच्या छोट्या पंपाच्या) हवा ओढणाऱ्या तोंडाला जोडली. पॉवरहेड चालू असेपर्यंत नळीतून हलके शोषण चालू राहते, माथ्यावर आलेला बुडबुडा लगेच ओढला जातो आणि टाकीत सोडला जातो. याचा एक उपफायदा असा, की सायफनची प्रकृती टाकीत पाहूनच कळते. पॉवरहेडच्या तोंडातून क्वचित एखादा बुडबुडा निघणे ठीक. सतत हवा येऊ लागली तर कुठलातरी जोड सुटला आहे किंवा आतल्या पाइपात पाणी उंचावरून पडू लागले आहे असे समजावे.

या नळीत मात्र एक धोका दडलेला आहे आणि तो वीज गेल्यावरच समोर येतो. पॉवरहेड बंद पडले की त्याचे तोंड टाकीच्या पाण्यात बुडालेले असते आणि नळीचे दुसरे टोक माथ्यावर, जिथे दाब कमी आहे. अशा वेळी टाकीतले पाणी पॉवरहेडच्या तोंडातून नळीत शिरून माथ्यावर चढते आणि टीवाटे सम्पमध्ये जाऊ लागते. खाचांची कडा जे पाणी अडवण्यासाठी आहे, तेच पाणी कडेला वळसा घालून निघून जाते. धार बारीक असते. पण वीज रात्रभर गेली तर टाकी टीच्या ओठापर्यंत, म्हणजे १० सें.मी. उतरू शकते आणि ते होतात ५४ लिटर. म्हणून नळीत माथ्याकडून पॉवरहेडकडेच प्रवाह जाऊ देणारा एकदिशा व्हॉल्व्ह बसवला.

असे छोटे व्हॉल्व्ह क्षाराने किंवा शेवाळाने अडकतात, म्हणून त्याच्यावर सगळा भार टाकला नाही. पॉवरहेडचे तोंड खाचांच्या तळाच्या फक्त १ सें.मी. खाली राहील असे ते वर बसवले. व्हॉल्व्ह निकामी झाला तरी टाकी १ सें.मी. उतरताच तोंड उघडे पडते, हवा आत शिरते आणि ही चोरवाट बंद होते. जास्तीचे पाणी जाते ते ५.४ लिटर. त्यात सायफनही तुटतो हे खरे, पण वीज आल्यावर टाकी भरून पॉवरहेड पुन्हा बुडते, काही मिनिटांत हवा ओढून सायफन भरते आणि तेवढा वेळ टाकीने तग धरावा याची व्यवस्था पुढच्या मापांत आहे. नळी सम्पमधल्या मुख्य पंपाला जोडावी, अशी सूचना मालकांनी केली होती. ती मी नाकारली, कारण पंप बंद पडल्यावर तिथली नळी माथ्यावरून खाली सम्पकडे वाहू लागते आणि दोन्ही वळसे उपसून टाकते, आणि ती दिशा एकदिशा व्हॉल्व्हला मान्य असल्याने तो तिला अडवत नाही.

घनफळांची मांडणी

सम्पमध्ये २२ सें.मी. उंचीच्या आडव्या काचा चिकटवून पंपासाठी २० × ३५ सें.मी.चा वेगळा कप्पा केला. त्यात पाणी १८ सें.मी.वर ठेवायचे ठरले आणि बाहेरून काचेवर तशी रेघ मारली. या कप्प्यात १ सें.मी. म्हणजे ०.७ लिटर. सायफन तुटला तर पंप १८ वरून ५ सें.मी.पर्यंतचेच पाणी, म्हणजे ९.१ लिटर वर नेऊ शकतो, कारण बाकीच्या कप्प्यांतले पाणी काचांमागे अडून राहते. टाकी त्याने १.७ सें.मी. चढते. नेहमीची पातळी ४५ सें.मी. धरली तर ती ४६.७ सें.मी. होते आणि काठापर्यंत तरीही ३.३ सें.मी. शिल्लक राहतात.

वीज गेल्यावरचा हिशेब उलट दिशेचा. पंपाचे पाणी टाकीत सोडणाऱ्या परतीच्या पाइपाचे तोंड पृष्ठभागाखाली जेमतेम १ सें.मी. ठेवल्याने तिथून उलटा सायफन लवकर तुटतो आणि टाकी खाचांच्या तळापर्यंतच, १.७ सें.मी. उतरते. ते सुमारे ९ लिटर आणि पाइपांतले थोडे पाणी मिळून साडेदहा लिटर धरले. त्यातले २.८ लिटर पंपाचा कप्पा २२ सें.मी.पर्यंत भरण्यात जातात, उरलेल्याने संपूर्ण सम्प ३ सें.मी. चढून २५ सें.मी.वर येतो. एकदिशा व्हॉल्व्ह निकामी असल्याची ५.४ लिटरांची भर घातली तरी पाणी २७ सें.मी.वर थांबते आणि सम्पची उंची ४० आहे. परतीच्या पाइपाला उलटा सायफन तोडणारे बारीक छिद्र पाडण्याची पद्धत आहे. ते शेवाळाने बुजते, त्यामुळे त्याला या हिशेबात स्थान दिले नाही.

बाष्पीभवनाने घटणारे पाणी भरून काढणाऱ्या स्वयंचलित व्यवस्थेकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. सायफन तुटला की पंपाच्या कप्प्यातले पाणी उतरते, आणि पातळी ओळखणाऱ्या फ्लोटला (तरंगत्या स्विचला) वाटते की बाष्पीभवन झाले आहे. तो नवे पाणी सोडतो, पंप तेही वर ढकलतो, आणि वर काळजीपूर्वक मांडलेली ९.१ लिटरांची मर्यादा कोलमडते. टाकीच्या वर उरलेल्या ३.३ सें.मी.मध्ये १७.८ लिटर मावतात. म्हणून भरणीच्या पाण्याचे भांडे १० लिटरांपेक्षा मोठे ठेवायचे नाही, असे ठरले. मालकांना मोठे भांडे सोयीचे वाटत होते, पण सायफनवर चालणाऱ्या टाकीला ही सोय परवडत नाही, असे माझे ठाम मत आहे.

जोडीला टाकीत नेहमीच्या पातळीच्या १ सें.मी. वर एक फ्लोट स्विच बसवला, जो मुख्य पंपाची वीज तोडतो. पाणी सांडू नये यासाठी त्याची गरज नाही. पंप कोरडा चालून जळू नये यासाठी आहे. पॉवरहेड या स्विचच्या बाहेर ठेवले, म्हणजे पंप थांबलेला असतानाही ते माथ्यावरची हवा ओढत राहते, सायफन जागेवर येतो, टाकी उतरते आणि पंप पुन्हा सुरू होतो.

दुसरा, राखीव सायफन बसवावा का, हाही प्रश्न आला. दोन्ही एकाच उंचीवर बसवले तर प्रवाह विभागला जाऊन प्रत्येकातला वेग निम्मा होतो आणि पहिल्या ओव्हरफ्लोचा आजार दोघांनाही जडतो. एक उंच बसवला तर त्याच्यातले पाणी निपचित राहते, त्याच्या माथ्यावर हवा हळूहळू साचते आणि गरज पडेल तेव्हा तो चालेलच असे नाही. एकच सायफन आणि चोख घनफळे हे मला अधिक प्रामाणिक वाटले.

परीक्षा

सगळे जोडून झाल्यावर प्रत्येक बिघाड मालकांच्या समोर मुद्दाम घडवून पाहिला. मुख्य वीज बंद केली. सम्प अपेक्षित रेषेपर्यंत चढून थांबला. वीज सुरू केली. आतल्या पाइपात पाणी चढले आणि टीतून प्रवाह लगेच लागला. मग फ्लोट स्विच बाजूला ठेवून माथ्यावरची नळी काढली. फस्स असा आवाज करत हवा आत गेली, टीतून येणारे पाणी बंद झाले आणि टाकीची पातळी खाचांच्या वर सरकू लागली. पंपाच्या कप्प्यात भोवरा दिसू लागताच टाकीच्या काचेवर पातळीची खूण केली. ती हिशेबाच्या किंचित खालीच निघाली, कारण पंप ५ सें.मी.च्या थोडे आधीच हवा ओढू लागला होता. नळी परत जोडल्यावर पॉवरहेडमधून बुडबुड्यांचा लोट आला, तो विरळ होत गेला आणि टीतून पुन्हा पाणी वाहू लागले. खाचा फडक्याने बुजवूनही पाहिले. टाकी चढली, स्विचने पंप तोडला. एकदिशा व्हॉल्व्ह काढून टाकून वीज बंद ठेवली, तेव्हा टाकी पॉवरहेडच्या तोंडापर्यंत सावकाश उतरली आणि तिथेच थांबली.

त्यानंतरच्या वापरात सायफन तुटलेला नाही. खाचांवर शेवाळाचा थर चढतो आणि तो चढला की टाकीची पातळी काही मि.मी. वर जाते, हेच साफसफाईचे लक्षण मानले आहे. नळीतला एकदिशा व्हॉल्व्ह अडकण्याची वाट न पाहता बदलला जातो आणि पॉवरहेडचा पंखा गाळण धुताना काढून स्वच्छ केला जातो, कारण त्याचे शोषण मंदावले तर बिघाडाची पहिली खूणच दिसेनाशी होते.

मालकांचा विचार आता प्रवाह तासाला १,८०० लिटरांवर नेण्याचा आहे. तेवढ्यासाठी केवळ पंप बदलून भागणार नाही. प्रवाह दीडपट झाला की पातळीतला फरक सव्वादोन पट, म्हणजे सुमारे १६ सें.मी. होईल आणि टीचा ओठ कडेच्या १८ ते १९ सें.मी. खाली उतरवावा लागेल. आतल्या वळशात तेव्हा ६ ते ७ सें.मी. पाणी उरेल, जे पुरेसे आहे. खाचांवरची जाडी १.७ वरून २.३ सें.मी.च्या आसपास जाईल, म्हणजे पंप बंद झाल्यावर टाकीतून ९ऐवजी सुमारे १२ लिटर पाणी उतरेल आणि सम्पमध्ये त्याला जागा आहे. परतीच्या तोंडाची आणि फ्लोट स्विचची उंची नव्या पातळीनुसार पुन्हा लावावी लागेल. टीचा जोड चिकटवलेला नसल्याने माथ्याला हात न लावता हा बदल करता येईल, आणि तो करण्याआधी नव्या पंपाचा प्रवाह टाकीच्या तोंडाशी बादलीने मोजून घ्यायचा आहे.